देवगाव फाट्यावर झोपलेले अप्पा

सुगतराव, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल, कारण इतक्या सहज विश्वास ठेवणारा माणूस कृषी खात्यात टिकत नाही. पण ऐका. तोंड वासून झोपलेल्या एका माणसाच्या फोटोनं मोडायला निघालेली सोयरीक जुळवली, आणि तो फोटो जगाच्या बाजारात विकायला मांडला होता या बन्सीधरनं. असं काम परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असेल तर आणा त्याला माझ्यासमोर.

बसा, बसा. परभणीची गाडी इतक्यात येत नाही. मी जिंतूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कधी येईल हे सांगणं अवघड असतं, पण कधी येणार नाही हे माझ्याइतकं खात्रीनं कुणी सांगत नाही.

आपण ज्या दुकानाच्या बाकावर बसलोय ते रामलिंगअप्पांचं. ते काय, गल्ल्यामागं, कपाळाला भस्म, साखर जोखायलेत. गोष्ट त्यांचीच आहे. आज श्रावणी सोमवार, अप्पांचं मौन असतं. दिवा लावेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. पण कान उघडे आहेत हो. मी एक अक्षर जरी खोटं बोललो तर ते गप्प बसतील का? म्हणजे, गप्प तर ते आहेतच. पण माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल.

तर निवृत्तीनंतर आमच्या मंडळींनी, बायनाबाईनं, माझ्याकडं दळण, गॅस आणि वाळवणावरची चिमणी हाकलणं अशी खाती सोपवायला सुरुवात केली, तेव्हा मला कलेची ओढ लागली. मी मोबाइलवर फोटो काढायला लागलो. आमची निकिता, बी.कॉम. झालेली, ती म्हणाली, "बाबा, हे फोटो घरात दाखवत बसण्यापेक्षा ऑनलाइन विका की. कंपन्या असतात. कुणाला म्हशीचा फोटो लागतो, कुणाला डोंगराचा. तो तिथं शोधतो, पैसे भरतो, घेऊन जातो."

"म्हणजे मोंढाच म्हण की," मी म्हणालो. "आपण माल टाकायचा, ते अडत कापणार."

अडत मात्र अशी कापतात की आपल्या मोंढ्यातल्या अडत्याला साधुसंत म्हणावं.

ही बातमी गल्लीत गेली आणि सल्ले सुरू झाले. आपल्याकडं माणूस आजारी पडला तर दोन जण येतात, धंदा सुरू करतोय म्हटलं की अख्खी गल्ली येते. शेजारचे दत्तराव गुरुजी म्हणाले, "बन्सीधर, सूर्योदय काढ. सूर्योदय कुणाला आवडत नाही?" अप्पांच्या घरच्या भागम्मा म्हणाल्या, "काढायचाच तर देवाचा काढा भाऊ. विकला न्हाई तर पुण्य तरी लागंल." आणि जिंतूरला फ्लेक्स छापणारा जीवन आहे, तो म्हणाला, "काका, निसर्गाला गिऱ्हाईक न्हाई. माणसाचं तोंड लागतं. मी रोज तोंडंच छापायलोय."

मी गुरुजींचं ऐकलं, कारण गुरुजी म्हणजे वयानं मोठे. भल्या पहाटे माळावर जाऊन सूर्योदय काढला. कंपनीचं उत्तर आलं: या प्रकारचे फोटो आमच्याकडं भरपूर आहेत. म्हणजे आमच्या झरीचा सूर्य त्यांच्याकडं आधीच होता! मग म्हैस काढली. गुरुजींची म्हैस देखणी आहे, आणि हे मी गुरुजींच्या तोंडावर म्हणतो. तिच्या पाठीवर खताच्या पोत्याची झूल होती. उत्तर आलं: कंपनीचं नाव दिसतंय, चालणार नाही. झूल काढली, तर मागच्या भिंतीवर पंपाची जाहिरात. मग म्हैस घेऊन मी अख्खं गाव फिरलो, सुगतराव. एक कोरी भिंत मिळेना! कुठं बियाणं, कुठं सिमेंट, कुठं इंग्रजी बोलायची हमी. देवळाकडं गेलो तर पायरीपायरीवर देणगीदार. पोरंसोरं विचारायला लागली, "काका, म्हैस विकायची का?" शेवटी मोकळ्या रानात उभी केली, मागं नुसतं आभाळ, आणि फोटो असा आला की गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तोही नापास! का? तर म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला, आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचता येतो. खाजगी माहिती उघड होते म्हणे.

म्हशीची खाजगी माहिती! इथं माझा मोबाइल नंबर देशातल्या सगळ्या कर्जवाल्यांना तोंडपाठ आहे, त्याचं कुणाला काही नाही. मी आयुष्यात कधी परीक्षेत इतका नापास झालो नव्हतो. बायनाबाई भाकरी थापता थापता नुसतं म्हणाली, "म्हशीला तरी पुन्हा पाठवू नगा उन्हात. दूध आटलंय म्हणं तिचं."

मग एका दुपारी मी इथं आलो. अप्पा आत तुरीच्या पोत्यांवर झोपले होते. तोंड असं उघडं की आगाराचं फाटक उघडावं. एक हात खाली लोंबता, शेजारी पालथा पडलेला स्टीलचा गिलास, दारातून तिरपं ऊन आलेलं. मी मोबाइल काढला आणि एकच फोटो घेतला.

काय अप्पा? वजन आपटलं बघा. हो म्हणायलेत.

आता माणसाचा फोटो असेल तर त्या माणसाचं दस्तखत लागतं, की बाबा माझी काही हरकत नाही. आपल्याकडं दस्तखत म्हटलं की माणूस सख्ख्या भावाला ओळख देत नाही. पण अप्पा कसे आहेत, त्यांनी एकच विचारलं, "उधारीचं हाय का?" म्हटलं, "न्हाई." म्हणाले, "मग आण."

आणि हा फोटो पहिल्या झटक्यात पास. ज्या म्हशीसाठी मी उन्हातान्हात बेइज्जती करून घेतली ती नापास, आणि घोरणारे अप्पा पास. कलेच्या क्षेत्रात न्याय नाही, हे मी पहिल्यांदा तेव्हा म्हणालो.

आता नीट ऐका, कारण चूक इथं झाली. फोटोबरोबर काही शब्द लिहावे लागतात. गिऱ्हाईक जो शब्द शोधेल तो आपल्या फोटोला लावलेला असेल तर आपला फोटो त्याच्यापुढं येतो. निकितानं लिहिलं: माणूस, खेडं, दुपार, झोप, आराम. आणि थांबली. मी म्हणालो, "अगं, ही काय पाटी झाली?" मी एस.टी.चा माणूस. गाडीच्या पाटीवर 'मार्गे' म्हणून जेवढी गावं लिहाल तेवढी माणसं चढतात. बोरीचा माणूस बोरी वाचून चढतो, त्याला जिंतूरशी देणंघेणं नसतं. म्हटलं, "लिही! थकवा, ताप, उन्हाळा, बेकारी, सासुरवाडी, निवडणूक, योगासन, दारू."

"बाबा, दारू कशाला? तिथं साधा गिलास हाय पाण्याचा."

"असू दे. दारू शोधणारा माणूस गावोगावी असतो. तोही चढंल."

चढला की. थोड्याच दिवसांत फोटो विकला गेला. त्यातून माझ्या वाट्याला जे आलं त्यात एक चहा झाला असता, साखर घरची घातली असती तर. पण पैशाचं सोडा. माझा माल जगाच्या बाजारात खपला! मी पेढे वाटले, ते उधारीवर, ह्याच दुकानातून. कुणी घेतला, कशाला घेतला, हे कंपनी सांगत नाही. मी गावाला सांगितलं की जर्मनीत घेतला. गुरुजींनी विचारलं, जर्मनीच कशावरून? म्हटलं, झोपेची कदर त्याच लोकांना.

त्याच सुमाराला अप्पांच्या त्रिवेणीची सोयरीक चालू होती. मंठ्याकडचं स्थळ. माणसं सज्जन. देण्याघेण्याचं नाव नाही, मुलीला नोकरी करायची असेल तर करू दे म्हणाले. एकच प्रश्न विचारला त्यांनी, "घरात कुणी पितं का?" कारण मुलाच्या सख्ख्या चुलत्यानं दारूपायी जमीन, बायको, मान सगळं घालवलेलं. ते घर पोळलेलं होतं. भागम्मा म्हणाल्या, "आमच्या घरात खोकल्याचं औषध बी घेत न्हाईत." आणि ते खरं आहे. अप्पा उसाचा रससुद्धा आंबला असेल या भीतीनं कधी प्यालेले नाहीत. पुढच्या रविवारी पाहुणे पक्कं करायला यायचे होते. आणि पोरगी, जिनं जन्मात कधी कुणाकडं काही मागितलं नाही, तिनं मुलाला एकदाच बघितलं होतं. तेव्हापासून अंगणातली रांगोळी रोज थोडी थोडी मोठी व्हायला लागली होती. पार रस्त्यापर्यंत आली होती, सुगतराव. सायकलवाले वळसा घालून जायचे.

काय झालं अप्पा? बोट कामून दाखवायलेत माझ्याकडं? हां, हां. म्हणायलेत की फोटो ह्यानंच काढला. सांगितलं की ते मी.

तर एका सकाळी बालाजी ड्रायव्हर, जालन्याची गाडी घेऊन आलेला, खिडकीतूनच ओरडला, "बन्सीभाऊ, अप्पा देवगाव फाट्यावर झोपलेत!"

"गप रे. अप्पा दुकानात हायेत."

"दोन्हीकडं हायेत. पर फाट्यावरचे लय मोठे हायेत."

मी त्याच गाडीत चढलो असतो, पण ती उलट्या दिशेनं चालली होती. पुढची पकडली. फाट्यावर उतरलो आणि मान वर केली. काय सांगू! रस्त्याच्या कडेला शेतात लोखंडी सांगाड्यावर अप्पा. एकेक नाकपुडी परातीएवढी. उघड्या तोंडात एक साळुंकी बसली होती, म्हणजे फलकाच्या भोकात, पण दिसत होती तोंडातच. वर मोठ्या अक्षरांत, 'दारूनं संसार बुडाला?' खाली, 'आजच फोन करा. नवी पालवी व्यसनमुक्ती केंद्र.' आणि लोंबत्या हाताखाली पाण्याचा गिलास काढून कुणीतरी बाटली ठेवलेली! माझ्या कलाकृतीत दुसऱ्या कुणी हात घातला याचा मला आधी संताप आला. अप्पांची इज्जत दुसऱ्या नंबरला आठवली. खरं ते सांगावं.

मग एकदम ध्यानात आलं. मंठ्याहून झरीला यायचा रस्ता हाच. रविवारी पाहुण्यांची गाडी इथूनच जाणार होती.

घरी येऊन सांगितलं. बायनाबाई म्हणाली, "मी म्हणत होते, म्हशीचाच नाद बरा. म्हैस कुणाची सोयरीक मोडत न्हाई." निकितानं माझ्याशी बोलणंच टाकलं, जशी काय तिचीच सोयरीक मोडायलीय. अप्पांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी हापिसं धरली. तिथल्या ग्रामपंचायतीत गेलो. ते म्हणाले, रस्त्याच्या कडेचं काम बांधकाम खात्याकडं. बांधकाम खात्याचा माणूस भला, माझ्याबरोबर टेप घेऊन आला, मोजलं, आणि म्हणाला, "काका, फलक आमच्या हद्दीच्या हातभर बाहेर हाय. आमची जबाबदारी फक्त सावलीवर." शेतमालकाकडं गेलो. भगवानराव नाव. म्हणाले, "मला भाडं भेटायलंय. अन् माझा बैल त्या सावलीला बसायलाय. बैलाला विचारा." मी खरोखर बैलाकडं बघितलं, इतकी वेळ आली होती माझ्यावर. फोटोच्या कंपनीला निकितानं पत्र लिहिलं. उत्तर आलं की तुमचा निरोप आमच्यासाठी मोलाचा आहे. यंत्रानं लिहिलेलं. दुसऱ्यांदा लिहिलं, पुन्हा मोलाचा आहे.

शेवटी फलकावरच्याच नंबरवर फोन लावला. पलीकडं एक बाई, आवाज असा मऊ की लोण्यात बोट घातल्यासारखं वाटावं. "नमस्कार, मी माधवी बोलतेय. बोला काका, मनमोकळं बोला."

म्हटलं, "ताई, तुमच्या फलकावर जो माणूस आहे तो पीत नाही."

"हं. असं त्यांना वाटतं का?"

"त्यांना वाटायचा प्रश्नच नाही. ते पीतच नाहीत! कधीच प्याले नाहीत!"

"काका, पहिली पायरी म्हणजे मान्य करणं. घाई नाही. तुम्ही त्यांचे कोण?"

"शेजारी."

"हं," ती म्हणाली. "बरेच जण सुरुवातीला 'शेजारी' म्हणूनच फोन करतात."

त्या दिवसापासून रोज सकाळी तिचा फोन यायचा. "काका, आज कसं वाटतंय? काल रात्री झोप लागली?" खोटं कशाला बोलू, झोप लागतच नव्हती. हे सांगितलं की ती म्हणायची, "शरीर स्वच्छ होतंय." फलकाचं विचारलं की म्हणायची, वर्षभराचा करार झालाय, पण आपण त्यावरही बोलू, आधी तुमच्यावर बोलू. बायनाबाई जवळच उभी राहून ऐकायची. एकदा मला हळूच म्हणाली, "न्हाई, पर कधीच न्हाई का घेतली तुमी? स्टँडवर असताना?" बघा. संसार असा बुडतो.

शुक्रवार आला आणि तोड सुचवली जीवननं. म्हणाला, "काका, फलक उतरवता येत न्हाई ना? मग त्याच्यावर दुसरा लावू. वाढदिवसाचा!"

मी त्याला मिठी मारली. आपल्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सला हात लावायची कुणाची टाप नाही. कुणाच्या वाढदिवसाचा आहे, मागं कोण उभं आहे, सांगता येत नाही. पोलीसही त्याला वळसा घालून जातात. म्हटलं, "छाप. पण तेवढाच छाप की अप्पांचं तोंड झाकलं पाहिजे." माप मी दिलं. फाट्यावर उभं राहून, एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून घेतलेलं, कसलेला फोटोग्राफर घेतो तसं.

शनिवारी जीवन फ्लेक्स आणि मांडववाल्याची शिडी घेऊन आला. त्याची पोरं चढली, बांधून खाली उतरली, शिडी लगेच एका लग्नाला निघून गेली. मी लांब जाऊन बघितलं. आणि तिथंच मातीत बसलो.

सुगतराव, जमिनीवरून घेतलेलं माप वर गेल्यावर आखडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फ्लेक्सनं अप्पांचं फक्त नाकाखालचं झाकलं होतं. वर त्यांचे मिटलेले डोळे तसेच. त्याच्याही वर, 'दारूनं संसार बुडाला?' मध्ये सोनेरी अक्षरांत, जीवननं हौसेनं टाकलेलं, 'आमचे मार्गदर्शक, झरीभूषण रामलिंगअप्पा यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!' त्याखाली शुभेच्छुकांची तोंडं ओळीनं: मी, दत्तराव गुरुजी, बालाजी ड्रायव्हर, स्वतः जीवन. आणि सगळ्यांच्या खाली, 'आजच फोन करा.'

कालपर्यंत तो नुसता एक झोपलेला माणूस होता. कुणी ओळखलं असतं, कुणी नसतं. आता त्याच्या खाली नाव होतं, गाव होतं, आणि बरोबर पिणारी सगळी टोळी फोटोसकट होती! भगवानराव सांगायला आले की आता सावली आणखी दाट पडायलीय, बैल खूष आहे.

रविवारी सकाळी पाहुण्यांची गाडी इथं दारात उभी राहिली. मी बरोबरच होतो, गुन्हेगार जागेवर येतोच. पोहे झाले, पाणी झालं. मुलाचे वडील घास तोंडापर्यंत नेत होते आणि परत ताटलीत ठेवत होते. त्रिवेणी चहा घेऊन आली तर नुसतं "बस माय" म्हणाले. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "येताना देवगाव फाट्यावर फलक बघितला."

पलंगाखाली मांजर अंग चाटत होतं तेही थांबलं. त्रिवेणीनं हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. मुलगा तिच्याकडं बघायचा आणि बापाकडं बघायचा. मी दाराकडं बघत होतो.

मुलाचे वडील उठले. सरळ अप्पांजवळ गेले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"आमच्या घरात माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "आमी लपवलं. लोक काय म्हणतील म्हणून लपवलं. तो गोठ्यात पडलेला असायचा अन् आमी पाहुण्यायला सांगायचो, परगावी गेलाय. लपवून लपवून त्याला आमीच बुडवला. अन् तुमी! सोडली, अन् रस्त्यावर टांगून सांगितलं, की बाबा मी असा होतो. तुमच्या दोस्तांनी सोडल्याच्या दिवसाला तुमचा जन्मदिवस म्हणलं. एवढं खरं वागणारं घर मला दुसरं कुठं भेटंल?"

अप्पा उभे राहिले. आता बघा अप्पांचा खरेपणा. समोर लेकीचं लग्न जुळतंय, भागम्मा मागून सदरा ओढायल्यात, आणि तरी ते म्हणाले, "पाहुणे, हे बरोबर न्हाई. मी आयुष्यात कधी प्यालोच न्हाई."

पाहुण्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हेच!" ते म्हणाले. "असंच म्हणायला पाहिजे. तो पिणारा माणूस मेला. तुमी नवे!"

अप्पांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितकं पाहुण्यांचं मन भरून येत होतं. मुलगा हसायला लागला, त्रिवेणी आत पळाली, आणि तिचा आतला हुंदका की हसू, काय होतं ते, बाहेरपर्यंत ऐकू आलं. मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या छातीवरचं तुरीचं पोतं उचललं. मी उरलेले सगळ्यांचे पोहे खाल्ले.

आणि एक राहिलं. तो भाऊ त्या दिवशी बरोबर आलेला होता. गाडीतच बसून होता, शुभकार्यात आपली अडचण नको म्हणून उतरत नव्हता. पाहुणे म्हणाले, "त्याला दोन शब्द सांगा." आता जो कधी प्यालाच नाही त्यानं पिणाऱ्याला काय सांगावं? पण गेले अप्पा, पोह्यांची ताटली घेऊन. गाडीत त्याच्या शेजारी बसले. काय बोलले देव जाणे. मला वाटतं, एस.टी. पूर्वी कशी वेळेवर सुटायची ह्याबद्दलच बोलत होते. पण बऱ्याच वेळानं तो माणूस उतरला, नळावर हात धुतले आणि सगळ्यांच्या पंगतीत येऊन बसला. परवा तो लग्नानंतर पुन्हा येऊन गेला. अजून तरी सरळ आहे. माधवीताईंना फोन त्यानंच केला. तिचा मला फोन आला, म्हणाली, "काका, तुमच्या शेजाऱ्यांचं खूप कौतुक वाटतं."

तर असं आहे. फलक तसाच आहे, बैल तसाच आहे, त्रिवेणी मंठ्याला सुखात नांदायलीय, आणि अप्पांचा हा मोठेपणा मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत असतो, कारण ते स्वतः कधी... अहो अप्पा, आत्ताच कशाला दिवा? अजून उजेड आहे की! काडी ठेवा ती. अप्पा, नमस्कार नंतर करा, आधी ह्यांना गाडी यायच्या आत—

"दिवा लागला, बन्सीधर," अप्पा म्हणाले. "सुगतराव, दुपारी दुकान टाकून झोपायला मी काय एस.टी.तून रिटायर झालोय का? फलकावर तोंड वासून पडलाय तो हा! नाव बी ह्याचंच हाय, झरीभूषण बन्सीधर! अन् मंठ्याला दिली ती ह्याची निकिता. माझी त्रिवेणी ती काय सायकलवर शिकवणीहून यायलीय बघा, आठवीत हाय ती!"